बाकावरची ही

चष्मेकाकांना आपल्या बायकोबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहायचं होतं. एकच. लोक जाडजूड पुस्तकं लिहून मोकळे होतात आणि त्यांना काही होत नाही. काकांचं मात्र त्या एका वाक्यापायी असं झालं, की आधी ते कागदोपत्री मेले, मग त्यांना दोन बायका असल्याचं गावभर झालं, आणि शेवटी काहीही तुंबलेलं नसताना घरात नळवाला आला. हे सगळं क्रमाने सांगितलेलं बरं, कारण क्रम सोडला तर विश्वास बसणार नाही.

काकांचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. म्हणजे नोकरी. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची, हे त्यांचं काम. त्यामुळे इंग्रजी अक्षरांशी त्यांची चांगली ओळख होती, पण सुटी सुटी. ई, एफ, पी. टी, ओ, झेड. घरातल्या प्रत्येकाला ओळखावं, पण त्यांचं आपसांतलं नातं काय ते माहीत नसावं, तसं.

काकू होत्या तोवर याने काही अडलं नाही. संध्याकाळी दोघं बागेत जायची. काकूंचा गुडघा दुखायचा, म्हणून त्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसायच्या आणि काका फेऱ्या मारायचे. फेरी मारून आले की काकू म्हणायच्या, "आलात? मला वाटलं परस्पर घरी गेलात." रोज हेच. काकाही रोज म्हणायचे, "किल्ली तुझ्याकडे आहे." मग काकू येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायच्या. "अहो, त्या माणसाचा चष्मा बघा, नाकावरून घसरतोय. सांगा की त्याला जाऊन." काका म्हणायचे, "मी आता निवृत्त झालोय." "डोळे झालेत का निवृत्त?" की काका उठून त्या माणसाच्या मागे.

काकू गेल्या. किल्ली काकांकडे आली. फेरी मारून आलं की बाक रिकामा.

अशातच बागखात्याने पाटी लावली, की बागेतले बाक नागरिकांना 'दत्तक' मिळतील. बाकाच्या पाठीवर दत्तक घेणाऱ्याचा मजकूर लागेल. कुणी दिवंगत माणसाच्या आठवणीसाठी बाक मागितला, तर त्याला जाहिरातवाल्यांच्या आधी मिळेल. अट एवढीच, की मजकूर घरच्यांनी स्वतः लिहिलेला, बिनचूक आणि इंग्रजीत हवा. इंग्रजीतच का, असं काकांनी विचारलं, तेव्हा कळलं की खात्याचं धोरण वगैरे काही नाही. पाट्यांच्या ठेकेदाराकडे धातूची अक्षरं होती ती इंग्रजीच. त्याने ती कुठूनतरी पोत्याने घेतली होती.

मजकूर सुधारायच्या तीन संधी. तिसऱ्यांदा चुकला की बाक पुढच्याला. आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बाकाला पुढचा उमेदवार तयारच होता. दाताचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना बागेच्या फाटकासमोर. त्यांचा मजकूरही तयार होता, 'वुई केअर फॉर युवर टीथ'. शेजारी दाढेचं चित्र. काकू जिथे पाठ टेकायच्या तिथे दाढ येणार, या कल्पनेनेच काकांच्या अंगाची लाहीलाही झाली.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी दोन मिनिटांत लिहून पाठवते. कशाला त्रास?"

"नको. हिच्याबद्दलचं वाक्य आहे, ते मीच लिहिणार."

यालाही कारण होतं. लेकीच्या लग्नात जावयाचे साहेब आले होते. इंग्रजीतच बोलणारे. त्यांच्याशी ओळख करून द्यायची वेळ आली, तेव्हा काकांनी घसा साफ केला, काकूंकडे हात केला आणि म्हणाले, "धिस इज... ही."

साहेबांनी काकूंकडे बघितलं. मग काकांकडे. मग पुन्हा काकूंकडे, जरा निरखून.

त्यात काकांची चूक काय? संसार मांडल्यापासून बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नाही. ही म्हणाली, हिला विचारतो, हिचा गुडघा. काकूंनीही त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांच्या लेखी काका म्हणजे हे. ही आणि हे, दोघांनी मिळून सगळा संसार सर्वनामांवर ओढला. पण काकू त्या रात्री पाहुणे गेल्यावर पोट धरधरून हसल्या. "जन्मात एकदा माझ्याबद्दल इंग्रजीत बोललात, त्यातही मला पुरुष केलंत! ते काही नाही, एक तरी धड वाक्य शिका. तोवर मी काही जात नाही."

वाक्य शिकायचं राहिलं. काकू थांबल्या नाहीत.

म्हणून काका आता स्वतः बसले. चष्मा पुसला, कागद सरळ ठेवला, मराठीत नीट विचार केला, 'ही रोज संध्याकाळी इथे बसायची.' शब्दकोश काढला. बसणे, सॅट. इथे, हिअर. रोज संध्याकाळी, एव्हरी इव्हिनिंग. एकेक शब्द इंग्रजीत नेऊन ठेवला. तुम्ही म्हणाल, एकदा ठेच लागलेली, मग पुन्हा त्याच दगडावर कसे गेले? तर 'ही'चं भाषांतर करायचं राहूनच गेलं. तो शब्द इंग्रजीतही तसाच दिसतो. वाटेत झडती न होता निसटला. खाली त्यांनी भेट देणाऱ्याचा उल्लेख केला, 'तिचा नवरा'. नवरा पुरुष, म्हणून हिज. गिव्हन बाय हिज हजबंड.

बागखात्याच्या कार्यालयात एक कारकून बाई होत्या. समोर संगणक, बाजूला कुंडीत एक वाळकं रोप. बागखात्यातलं एवढं एकच झाड मेलेलं होतं.

"काका, मयत व्यक्ती कोण?" बाईंनी विचारलं.

"ही."

"कोण ही?"

"कोण म्हणजे? आमची ही."

"बरं. पण इथे लिहिलंय, ही."

"हो, हीच."

"म्हणजे पुरुष."

"छे हो! ही!"

"तेच म्हणतेय मी. ही म्हणजे पुरुष."

"अहो, ही पुरुष कशी असेल? आमचं लग्न झालं होतं!"

"कुणाशी?"

"हिच्याशी!"

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. काकांना सवयीने वाटलं, बाईंचा नंबर वाढलाय. "आणि खाली आहे, हिज हजबंड यांच्याकडून. म्हणजे मयत पुरुष, आणि त्याचा नवरा. काका, कुणी कसा संसार करावा यात खातं पडत नाही. पण मजकूर बिनचूक हवा. आमच्या ह्यांनी लिहिलेलं असलं तरी मी हेच म्हटलं असतं. ठेवा इथे, बघते."

बाईंनी बघितलं. बघून त्यांनी आपल्या डोक्याने विचार केला, आणि हीच गोष्ट कार्यालयांत होऊ नये. मयत पुरुष आहे, म्हणजे 'हजबंड' हा शब्द चुकून पडला, तिथे 'वाइफ' हवं. म्हणजे अर्ज बायकोचा. मयत नवरा. आणि पुरुषाचं नाव अर्जावर एकच होतं.

आठवड्याभरात पत्र आलं. पाकिटावर, कैलासवासी अमुक अमुक यांच्या पत्नीस. आत लिहिलं होतं, की आपल्या पतीसारखा निसर्गप्रेमी नागरिक हरपल्याने खात्याला अतीव दुःख झालं आहे. पुढील कार्यवाहीसाठी आपण सहीला समक्ष यावं.

शेजारी मास्तर राहायचे. निवृत्त, चित्रकलेचे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मजकूर चांगला आहे हो. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने माझ्याबद्दल इतकंसुद्धा लिहिलं नव्हतं."

"मास्तर, मी मेलोय त्यात!"

"ते झालंच. पण अतीव दुःख कुणाला होतं आजकाल?"

काका तडक कार्यालयात गेले. बाईंनी वर न बघताच सांगितलं, "सही पत्नीची लागेल. त्यांना घेऊन या."

"बाई," काका म्हणाले, "ती येऊ शकली असती, तर मी बाक कशाला मागितलं असतं?"

बाईंनी वर बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "अरे देवा. म्हणजे तुम्हीच का हे?"

"हो. मीच हे. ती ही."

"चुकलंच माझं. पण काका, ही एक संधी तुमची गेली. संगणकात पडली नोंद. आता दोनच राहिल्या."

घरी आल्यावर काकांनी मास्तरांना गाठलं. मास्तरांनी एकदा इंग्रजीचे सर आजारी पडले असताना त्यांचा वर्ग सांभाळला होता. त्या भांडवलावर ते आजवर इंग्रजीचे जाणकार म्हणून वावरत होते.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "सर्वनामं म्हणजे नावाच्या बदली उभी राहणारी माणसं. बदली शिक्षकासारखी. आता ऐका. आय म्हणजे मी. मी म्हणजे मला."

"मी म्हणजे मी."

"मराठीत. इंग्रजीत मी म्हणजे मला. दे म्हणजे ते."

"काय दे?"

"काही देऊ नका. दे म्हणजे ते. अनेकवचन. वुई म्हणजे आम्ही."

"आम्ही की आपण?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? 'आम्ही जेवायला जातोय' म्हटलं, तर ऐकणाऱ्याने घरी बसायचं. 'आपण जेवायला जातोय' म्हटलं, तर त्याने चपला घालायच्या. इंग्रजीत त्या माणसाने करायचं काय?"

"तिकडे बहुधा आधी फोन करून विचारतात," मास्तर म्हणाले. "पुढे चला. वस्तू असली की इट. टेबल इट, खुर्ची इट."

"खुर्ची ती."

"इट."

"आणि बाक?"

"तो बाक इट."

"तो बाक नाही, ते बाक."

"तो बाक! शाळेत जन्म गेला माझा बाकांत!"

"माझी बायको बसायची त्यावर, मला माहीत नाही का? ते बाक!"

आतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "तो असो की ते असो, दोघांनी त्यावर जाऊन बसा आणि मला खोली झाडू द्या!"

इंग्रजीचा तास असा मराठीत बुडाला. तरी मास्तरांनी एक गोष्ट खरी सांगितली. मराठीत 'तिचा'मधला 'चा' नवऱ्याकडे बघून ठरतो. इंग्रजीत मात्र ज्याची मालकी त्याच्याकडे बघतात. बायकोचा नवरा असेल तर हर हजबंड. "म्हणजे नवऱ्याकडे कुणी बघतच नाही," काका म्हणाले. "कुठल्याच भाषेत बघत नाहीत," मास्तर म्हणाले, आणि झाडूचा आवाज ऐकून पाय वर घेतले.

इथवर ठीक होतं. पण मास्तरांना राहवेना. "वाक्यात आता 'ती' येईल. ती बसायची. बरं दिसतं का? गेलेलं माणूस, वयाने मोठं, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. मान नको? त्या बसायच्या, असं हवं."

"त्या म्हणजे?"

"त्या म्हणजे दे. पक्कं. आणि मग हर नाही, देअर."

काकांनाही पटलं. हयात असताना कधी मान देऊन बोललो नाही, पाटीवर तरी देऊ. दे सॅट हिअर एव्हरी इव्हिनिंग. गिव्हन बाय देअर हजबंड.

कारकून बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची जरा मागे सरकवली.

"काका, मयत किती?"

"किती म्हणजे? एक."

"इथे 'दे' लिहिलंय. म्हणजे एकाहून जास्त. आणि खाली, त्या सगळ्यांचा मिळून नवरा एक."

"तो मान आहे हो!"

"कुणाचा?"

"हिचा!"

"नियम असा आहे, की एका बाकाला एकच दिवंगत. दोघी असतील तर दोन अर्ज, दोन बाक."

बाईंना समजवण्यात अर्धा तास गेला. समजल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनाही मी अहो-जाहो करते, पण म्हणून त्या दोन होत नाहीत, हे खरं. पण संधी गेली. आता शेवटची. सोमवारी अधीक्षक साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर मजकूर द्यायचा आणि स्वतः वाचून दाखवायचा. वाचताना अडखळलात, तरी घरच्यांनी लिहिलं नाही असं धरतात ते. चुकलं, तर बाक डॉक्टरांना."

हे बोलणं रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने ऐकलं. तो काकांच्याच इमारतीतल्या कुणाचा तरी मेहुणा निघाला. काका घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातच उभ्या होत्या.

"भाऊजी, आम्ही काही विचारणार नाही."

"काय विचारणार नाही?"

"नाहीच विचारणार. माणसाचं खाजगी असतं. पण एवढी वर्षं शेजारी राहून आम्हांला पत्ता नाही? आणि आमच्या वहिनी, बिचाऱ्या, हसतमुख! दुसरी कुठे राहायची?"

"कोण दुसरी?"

"नाहीच विचारणार," असं म्हणून वहिनी डोळे पुसत वर गेल्या.

चार दिवस काकांना जिना चढणं नको झालं. पुरुषमंडळी त्यांच्याकडे जराशा आदराने बघू लागली, त्याचा तर फारच संताप आला. मास्तर सांत्वनाला आले. "एका परीने चांगलंच. दुसरीला कुणी पाहिलेलं नाही, म्हणजे पुरावा नाही."

"मास्तर, तुमच्या 'दे'ने घात केला. आता जे काय आहे ते माझं मला बघू दे!"

मास्तर रागावून गेले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. दार उघडताना समोरासमोर आले, तर मास्तर भिंतीला सांगायचे, "काही लोकांना उपकार कळत नाहीत." आता ही 'काही लोक' सुद्धा सर्वनामंच की काय, अशी काकांना शंका यायची. पण विचारायची सोय नव्हती.

त्या रविवारी काका एकटे बसले. लेकीचा फोन आला, तो घेतला, पण मजकुराचं काढू दिलं नाही. विचार करता करता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जितके शब्द, तितक्या चुका. भेट कुणी दिली हे जगाला कशाला सांगायचं? रोज संध्याकाळी बसायची हे तरी कशाला? ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही बघितलं त्यांना काय कळणार? त्यांनी सगळं छाटलं. शी सॅट हिअर. बस.

आता हे म्हणता यायला हवं होतं. आणि तिथेच घोडं अडलं. वाचायला काही नाही, पण तोंड उघडलं की पहिला शब्द 'शी'. घाण बघितल्यावर म्हणतात तो. आयुष्यभर जिला 'ही' म्हटलं, तिच्याबद्दल 'शी' म्हणायचं, आणि तेही तोंड वाकडं न करता. काकांनी दुकानातला जुना तक्ता काढला. त्याच्या पाठीवर ती तीन अक्षरं मोठी काढली, एस, एच, ई, आणि तक्ता भिंतीला लावला. गिऱ्हाइकाला बसवायचे तितक्या अंतरावर स्वतः खुर्ची टाकून बसले.

"शी."

नाक आपोआप आकसलं. पुन्हा.

"शी! शी!"

सकाळपासून दुपारपर्यंत ते एकटे बसून शी शी करत होते. दुपारी दारावर थाप पडली. वरच्या वहिनी पदराने नाक झाकून उभ्या, आणि मागे हातात लांब तार घेतलेला नळवाला.

"भाऊजी, भिडस्तपणा किती करायचा? तुंबलं असेल तर सांगायचं. सकाळपासून ऐकतेय मी. आणलाय याला."

"काही तुंबलेलं नाही!"

"पुरुषांना वास कळत नाही," वहिनींनी नळवाल्याला सांगितलं. नळवाला आत शिरला, मोरीत तार घातली आणि चांगलं वाहणारं पाणी तेवढं तुंबवून गेला. जाताना तक्त्याकडे बघून म्हणाला, "हे बरंय. लिहूनच ठेवलंय."

सोमवारी काका इस्त्रीचा सदरा घालून गेले. अधीक्षक साहेब घाईत होते. दाताचे डॉक्टर दाढेच्या चित्राची गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. कारकून बाईंनी काकांचा कागद पुढे केला आणि खूण केली, वाचा.

काका उभे राहिले. कागद बघायची गरज नव्हती. समोरच्या भिंतीवर त्यांना तक्ता दिसत होता.

"शी," काका म्हणाले. नाक हललं नाही. "शी सॅट हिअर."

"पुढे?" साहेबांनी विचारलं.

"पुढे काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच करायची ती, साहेब. बसायची. बाकीच्या फेऱ्या मी मारायचो."

साहेबांनी कागदावर सही केली. डॉक्टरांनी गुंडाळी काखेत मारली आणि काकांजवळ आले. काकांना वाटलं, आता हा भांडणार. "म्हणजे टाकीजवळ बसायच्या त्याच का काकू?" डॉक्टर म्हणाले. "दाढ काढली होती मी त्यांची. तोंडात कापूस असताना मला खुणेने सांगत होत्या, की माझा चष्मा वाकडा आहे. असू दे, मी समोरचा बाक घेतो."

पाटी लागली. बाकाच्या पाठीवर धातूची सुटी अक्षरं, एकेक चिकटवलेली. शी सॅट हिअर. काकांनी लांबून वाचलं, जवळून वाचलं, एक डोळा झाकून वाचलं. बिनचूक. लेकीने फोटो मागवला आणि म्हणाली, "बाबा, खरंच बरोबर आहे!" तिच्या आवाजातलं आश्चर्य काकांनी सोडून दिलं. पण खरं सांगायचं, तर बाकावर बसल्यावर त्यांना काहीच वाटेना. इतका आटापिटा केला, वाक्य धड झालं, आणि ते दुसऱ्याच कुठल्यातरी बाईबद्दल असल्यासारखं दिसत होतं. ही शी कोण, ते त्यांना माहीत नव्हतं.

मग एका संध्याकाळी फेरी मारून आले, तर एस पडलेला.

ठेकेदाराचा गोंद पोत्यातल्या अक्षरांइतकाच भरवशाचा होता. काकांना एस गवतात सापडला. तोवर बागेत बातमी पसरली. डॉक्टर समोरच्या बाकावरून उठून आले, वाकून बघितलं. "पुढचाच पडलाय. काही हरकत नाही, माझ्याकडे दातांचा मसाला आहे, पाच मिनिटांत बसवतो. दोन तास काही टेकू नका म्हणजे झालं." वरच्या वहिनींचं मत पडलं, की हे त्या दुसरीच्या माहेरच्यांचं काम. मास्तरांनी तर न बोलण्याचं व्रत मोडलं आणि काकांना न विचारता खात्याकडे रीतसर तक्रार गुदरली. तिच्यात शेवटी 'आम्ही' लिहिलं की 'आपण', देव जाणे.

तक्रार आली म्हणून दुसऱ्या दिवशी कारकून बाई स्वतः पाहणीला आल्या. काका बाकावर बसले होते.

"काका, एस गेला हो. आता नुसतं 'ही सॅट हिअर' राहिलंय."

"हो," काका म्हणाले.

"पुरुष झाला की त्याचा."

"तुमच्या वाचण्यात."

बाईंनी पाटी पुन्हा वाचली. या वेळी ओठ हलवत, सावकाश. ही. मग एकदम त्यांनी तोंडावर हात धरला आणि हसल्या. "अगंबाई. काका, तुमची ही!"

"आता आली," काका म्हणाले.

"पण फायलीत 'शी' आहे. बिनचूक म्हणून शेरा मारलाय साहेबांनी. मला लावून घ्यावं लागेल."

"तुमच्या फायलीत राहू दे शी. तिथे शोभते." काकांनी खिशावरून हात फिरवला. एस तिथेच होता, घराच्या किल्लीबरोबर. "सापडलं नाही अक्षर, असं लिहा."

बाईंनी आजूबाजूला बघितलं. माळी लांब होता. "नाही सापडलं," त्या म्हणाल्या. मग पर्स सावरत जरा घुटमळल्या. "काका, इतके दिवस ऐकतेय तुमच्या हिच्याबद्दल, पण भेट कधी झालीच नाही आमची."

काका उठून उभे राहिले. सदरा सारखा केला, घसा साफ केला, बाकाकडे हात केला.

"धिस इज," ते म्हणाले, "ही."